पत्ता शेवटाकडून वाचायचा

आमच्या ऑफिसात वेबसाइटची नावं विकत घेण्याचं काम माझ्याकडे आहे. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतले लहान कारखानदार आमची गिऱ्हाइकं. कुणी स्प्रिंगा करतो, कुणी वॉशर. त्यांना वेबसाइट हवी असते आणि वेबसाइटला पत्ता लागतो. तो मोकळा आहे का बघायचं, असला तर घ्यायचा, आणि दरवर्षी मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरायचे. इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर बसून मी हे बरीच वर्षं करते आहे. आजवर एकाही नावाची मुदत माझ्या हातून चुकलेली नाही. हे सांगते ते एवढ्यासाठी, की पुढे जे झालं ते अगदी माझ्याच कामातलं होतं. तरी मला काही करता आलं नाही.

पूर्वी या पत्त्यांच्या शेवटी येणारे शब्द मोजकेच होते. डॉट कॉम, डॉट इन, संस्थांना डॉट ऑर्ग. मग नव्या शेपट्यांचं पेव फुटलं. डॉट शॉप, डॉट ऑनलाइन, डॉट क्लब. बहुतेक शेपट्या पैसे टाकले की कुणालाही मिळतात. तुम्ही कोण, काय करता, हे कुणी विचारत नाही. थोड्या मात्र राखीव आहेत, आणि त्यातली एक डॉट पोस्ट. ती टपालाच्या कामातल्या संस्थांसाठी ठेवलेली आहे; मागणारा खरोखर त्या कामातला आहे याची खातरजमा झाल्याशिवाय देत नाहीत. आमच्या गिऱ्हाइकांना तिचा उपयोग नव्हता, म्हणून मीही तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

माझे वडील, अप्पा, टपालात सॉर्टर होते. सगळी नोकरी त्यांनी पत्रं छाटण्याच्या हॉलमध्ये काढली. आई गेल्यापासून ते जयनगरच्या घरात एकटे राहत होते आणि त्यांचं बरं चाललं होतं. विजेचं बिल, औषधं, बँक, सगळं स्वतःच्या फोनवरून करायचे. कुणी मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, “बेडा, बेडा.” आमच्या घरात मराठीत कानडी असं मिसळलेलंच असतं. नको म्हणायचं असलं की अप्पांना कानडीच जवळचं वाटतं.

एके सकाळी त्यांचा फोन आला.

“पुट्टी, स्वल्प काम होतं. ऑफिसात आहेस?”

पुट्टी म्हणजे छोटी मुलगी. माझी पन्नाशी जवळ आली तरी मी त्यांची पुट्टीच.

“बोला अप्पा.”

“बँकेचे मेसेज येतायत. पैसे गेले म्हणून. एकामागोमाग एक येतायत.”

मी रिक्षा केली. वाटेतच बँकेला फोन लावून कार्ड बंद करवलं. पोचल्यावर तक्रार नोंदवली. किती गेले ते इथे लिहीत नाही. कुणाला सांगू नकोस असं अप्पांनी सांगितलं होतं. सगळं आटोपल्यावर मी तो मूळ मेसेज पाहिला. तुमचं पार्सल पत्ता अपुरा असल्याने थांबलं आहे, खालच्या लिंकवर पत्ता पुरा करा आणि पुन्हा पोचवण्याची किरकोळ फी भरा, असं त्यात होतं. अप्पांनी कार्डाचा नंबर टाकला होता आणि मागून आलेला ओटीपीही.

“पण अप्पा, तुम्ही काही मागवलं होतं?”

“नाही.”

“मग कसलं पार्सल?”

“कुणाचं तरी असेल ना! नंबर चुकून माझा पडला असेल. पत्ता अपुरा म्हणून माल परत गेला की तो पाठवणाऱ्याला कधी मिळतो, कधी मिळतच नाही. हे मी बघितलेलं आहे, तू नाही.”

“म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या पार्सलसाठी…”

“आणि त्या पोस्टमनला उगाच दुसरा हेलपाटा. या उन्हात.”

लोक लोभाने फसतात, घाबरून फसतात. माझे वडील एका नसलेल्या पोस्टमनचे पाय दुखतील म्हणून फसले होते.

माझा मोठा भाऊ, अण्णा, वर्तूरकडे एका मोठ्या सोसायटीत राहतो. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि लगेच निकाल दिला.

“आता पुरे झालं. तो फोन काढून घे. बटणांचा साधा दे एक. बँक तू बघ, आणि अप्पा माझ्याकडे राहतील.”

“त्यांना विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय? चोराने विचारलं होतं का?”

“अण्णा, फोन गेला की त्यांचं सगळंच जाईल. दुधाच्या हिशेबालाही माझं तोंड बघावं लागेल त्यांना.”

“बघू दे की. तू काय परकी आहेस?”

शेवटी तडजोड झाली. बँकेचं नवीन कार्ड टपालाने यायचं होतं. ते येईपर्यंत अण्णा थांबणार, आणि तोवर मी अप्पांना खरा मेसेज कुठला, खोटा कुठला हे ओळखायला शिकवणार. शिकले तर फोन त्यांचा, कार्ड त्यांचं, घरही त्यांचंच. नाही शिकले तर अण्णा म्हणेल तसं.

रविवारी मी कागदाच्या चिठ्ठ्या करून नेल्या. एकेका चिठ्ठीवर एकेक वेबसाइटचा पत्ता, काही खरे, काही मी रचलेले. पहिलीच चिठ्ठी त्या चोरट्या मेसेजातली होती. पत्त्याच्या सुरुवातीलाच ‘पोस्ट’, मग आडवी रेघ, मग ‘डिलिव्हरी’, आणि शेवटी कुणालाही मिळणारी एक स्वस्त शेपटी.

“पुढे पोस्ट लिहिलंय म्हणून ते पोस्टाचं होत नाही,” मी म्हटलं. “पुढचं नाव ज्याला जे हवं ते ठेवतो. शेवट बघायचा. अगदी शेवटचा डॉट आणि त्याच्या मागचा शब्द. तिथून मागे मागे यायचं.”

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“म्हणजे खालून वर?”

“काय खालून वर?”

“पत्ता ग! सॉर्टर नाव कधी वाचत नाही. आधी शेवटची ओळ, पिनकोड. मग गाव. मग पेठ, गल्ली. नाव वाचायचं ते पोस्टमनने, दारात उभं राहून. मी नावं वाचत बसलो असतो तर रात्रीची गाडी रोज चुकली असती.” त्यांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. “हा पत्ता आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. सगळे म्हणाले लिंक आहे, दाबा.”

मग त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातातून घेतल्या आणि फरशीवर टाकायला सुरुवात केली. खरे इकडे, खोटे तिकडे, शंका असलेले मधे. अंगठ्याने चिठ्ठी सरकवायची, नजर उजव्या टोकाला, आणि चिठ्ठी खाली. मी लहानपणी हॉलच्या दारात डबा घेऊन उभी राहायची तेव्हा त्यांचा हात असाच चालायचा. एकही चिठ्ठी चुकली नाही.

त्या दिवशी मी त्यांना डॉट पोस्टबद्दल सांगितलं. ते फार खूश झाले.

“म्हणजे शिक्का. पोस्टाचा शिक्का.”

“तसंच.”

“आणि चोराला तो मिळत नाही?”

“सहजासहजी नाही.”

“मग सगळे तोच का लावत नाहीत?”

मी समजावलं, की सरकारी पत्त्यांना त्यांची स्वतःची राखीव शेपटी असते आणि तीही चांगलीच आहे. पण पार्सलचा मेसेज एका ठिकाणाहून येत नाही. बँक पाठवते, दुकान पाठवतं, कुरिअर पाठवतो, मधला कुणी कंत्राटदार पाठवतो. प्रत्येकाचा पत्ता निराळा. घरी येणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा मेसेज जर त्या एकाच राखीव शेपटीने आला, तर लोकांना एकच शब्द शिकवावा लागेल. या नव्या शेपटीचा उपयोग असलाच तर तो एवढाच आहे, पण एवढाही थोडा नाही. “सत्तरीपुढच्या माणसालाही जमेल,” मी म्हटलं.

“सत्तरीपुढच्या माणसाला काय धाड भरलीय?” अप्पा म्हणाले.

पुढचे काही दिवस माझ्या फोनवर त्यांचे निकाल येत राहिले. आलेला प्रत्येक मेसेज ते मला पाठवायचे आणि खाली लिहायचे, ‘खोटा. शेवट बघ.’ आमच्याच ऑफिसची एक जाहिरात त्यांनी खोट्यात काढली. शेजारच्या वकिलालाही त्यांनी चिठ्ठ्या देऊन बसवलं. “दोन चुकला,” मला कळवलं, “आणि म्हणे कोर्टात उभा राहतो.” मी अण्णाला सांगितलं, बघ. तो म्हणाला, बघतोय. आपण जिंकतो आहोत असं मला वाटायला लागलं होतं. आता ते आठवलं की माझ्याच भाबडेपणाची कीव येते.

तो मेसेज आला तेव्हा मी पीण्यात एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात होते. प्रेस चालू होता. मी फोन घेऊन बाहेर गेटापाशी आले.

“पुट्टी, याचा शेवट काही कळत नाही.”

“कशाचा?”

“मेसेज आलाय. पाकीट आज पोचेल म्हणतोय. खाली पत्ता आहे, पण तो पत्ताच वाटत नाही. पाचसहा अक्षरं आहेत, कशाचीही.”

त्यांनी मला तो पाठवला. लांब पत्ता आखडून त्याचा चिमुकला पत्ता करून देणाऱ्या सोयी असतात, तसला तो होता. मेसेजात जागा कमी लागते, किती जणांनी दाबलं ते मोजता येतं, म्हणून धंदेवाले वापरतात. चोरही वापरतात. मूळ पत्ता आत झाकलेला असतो आणि बाहेर जी शेपटी दिसते ती आखडून देणाऱ्याची. एका पाकिटात दुसरं पाकीट घालून चिकटवल्यासारखं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी तुटक इंग्रजी अक्षरं होती. कार्ड याच दिवसांत यायचं होतं हे मला माहीत होतं. पण त्याच दिवसांत अप्पांचा नंबर चोरांच्या हातात होता हेही माहीत होतं.

“खरा की खोटा?” अप्पांनी विचारलं.

मी पुन्हा बघितला. शेवटाकडून बघितला, सुरुवातीकडून बघितला.

“सांगता येत नाही, अप्पा.”



“तुलाही?”

“मलाही.”

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले.

“दाबू नका. आणि कुणी आलं, काही विचारलं, तर काही सांगू नका. मी संध्याकाळी येतेच.”

आजही तशी वेळ आली तर मी हेच सांगेन. दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याजवळ नाही.

संध्याकाळी गेले तेव्हा अप्पा खुर्चीत सरळ बसले होते, पाहुण्यांकडे गेल्यासारखे.

“पोस्टमन आला होता,” ते म्हणाले. “बँकेचं पाकीट होतं. म्हणाला, सार, सही हाकी. मी पेन घेतलं. मग म्हणाला, फोनवर ओटीपी आला असेल, तो सांगा. मी म्हटलं, सांगणार नाही.”

“अप्पा, ते कार्डच असणार. तुम्ही ओळखत नाही का त्याला?”

“तोंड ओळखीचं आहे. पण खाकी कपडे कुणीही शिवून घेतो.”

मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि तिथेच उभी राहिले. त्यांच्या तोंडून खाकी कपड्यांबद्दल असं कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं.

बाहेर आले तर ते पुढे सांगत होते, “हसला तो. म्हणाला, सार, तुम्ही आमच्यातलेच ना? मी म्हटलं, होतो. मग तो रिमार्क लिहायला लागला, घर बंद म्हणून. मला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहीत होता बिचारा. घर बंद असलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा आणता येतं. मी म्हटलं, घर उघडं आहे, मी समोर उभा आहे. खोटा रिमार्क नको. नाकारलं लिही.”

“लिहू द्यायचं होतं, अप्पा.”

“नाही,” ते म्हणाले. “एवढं तरी खरं असू दे.”

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. नाकारलेलं पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जातं, ते निघालं होतं. तो आदल्या दिवशीचा मेसेज बँकेचा, पोस्टाचा की मधल्या कुणाचा, हे त्यांनाही सांगता आलं नाही. पण खरा असणार, म्हणाल्या, पाकीट खरं होतं ना. शेवटी ज्याने खऱ्याखोट्याचा निकाल लावायचा ते पाकीटच परत गेलं होतं.

मी जयनगरला परत आले तर अप्पांनी फोन टेबलावर ठेवला होता. शेजारी चार्जर, त्याची वायर नीट गुंडाळून रबर बँड लावलेली, पत्रांच्या गठ्ठ्याला लावतात तशी. अण्णाने काही मागितलं नव्हतं. मीही काही बोलले नव्हते.

“अण्णाला सांग, रविवारी ये म्हणून. कपडे फार नाहीत.”

“अप्पा, मी बँकेशी बोलते. दुसरं कार्ड पाठवतील. त्या दिवशी मी सुट्टी घेऊन इथे बसते.”

“पाठवू दे की.”

“मग?”

“तुझ्या पत्त्यावर मागव.”

मी खूप बोलले. चिठ्ठ्यांची आठवण दिली, वकिलाची दिली, चूक तुमची नव्हती, मलाही ओळखता आलं नाही, असं म्हटलं.

“तेच तर,” अप्पा म्हणाले. “तुलाही आलं नाही.”

ते आता अण्णाकडे असतात. तब्येत ठीक आहे. त्यांचा फोन माझ्या टेबलाच्या खणात असतो. त्यावर अजून पार्सलचे मेसेज येतात आणि मी प्रत्येकाचा शेवट बघते. डॉट पोस्ट एकदाही दिसलेलं नाही. बहुतेकांच्या मागे तीच पाचसहा आखडलेली अक्षरं असतात.

अण्णाच्या सोसायटीत पोस्टमन वर येत नाही. सगळ्यांची पत्रं खाली सिक्युरिटीच्या टेबलावर राहतात, ज्याची त्याने येऊन शोधून न्यायची. अण्णाने एकदा सहज म्हटलं, अप्पा, तुम्ही छाटून ठेवा ना मजल्याप्रमाणे, तुमचाही वेळ जाईल.

अप्पा म्हणाले, “बेडा.”