कोरड्या अंगाला लावायचं औषध

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे केलं ते म्हणजे मी तिच्या काखेत औषध लावलं. असलं लिहू नये म्हणतात. पण झालं ते हेच, मग दुसरं काय लिहू?

ती पलंगाच्या कडेला बसली होती. गाऊन खांद्यावरून उतरवलेला, एक हात डोक्यावर, टेबलफॅन तिच्याकडे वळवलेला. मी पंच्याने पुसलं, जरा वारा लागू दिला, बोट फिरवून पाहिलं.

"झाली का कोरडी?"

"झाली असेल."

"असेल म्हणजे? नीट बघा. परत भाजून घ्यायचं नाही मला."

मी वाकून फुंकर मारली.

"अहो, फुंकता काय, थुंकी उडतेय."

"बोटीवर एवढे व्हॉल्व्ह पुसले, एकाने तक्रार केली नाही."

"त्यांना गुदगुल्या होत नसतील."

मग मी बाटली फिरवली. वर गोळी असलेली बाटली असते, ती नुसती कातडीवरून फिरवायची. एक झाली, मग दुसरी. ती दोन्ही हात वर करून बसून राहिली. मी म्हटलं, पोलिसांनी धरल्यासारखी दिसतेस. ती म्हणाली, पंखा बंद करू नका, आणि आडवी झाली. मीही झोपलो.

तिला काखेत घाम यायचा. सगळ्यांना येतो तसा नाही. सिंगापुरात सगळेच घामेजतात, पण हिला गारेगार मॉलमध्येही यायचा, बसल्या जागी यायचा. पोलक्यावर ओली वर्तुळं उमटायची आणि वाळली की मिठाची पांढरी रेघ राहायची. माझ्या जुन्या बनियनच्या घड्या करून ती पोलक्यात आतून शिवायची. तुरटी लावून झाली, लिंबू लावून झालं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तिने वरची कडी कधी धरली नाही. गाडी सुटली की माझ्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरायची. चोआ चू कांगहून पुंगोलला मुलाकडे जाऊन येईतो माझे शर्ट मागून चुरगळलेले असायचे. मी बोटीवर फिटर होतो, इंजिनाशेजारी जन्म काढला, माझ्या अंगाच्या वासाचं तिने कधी नाव काढलं नाही. पण स्वतःच्या घामाची तिला फार लाज. कोणाकडे हळदीकुंकवाला गेली तर कोपर अंगाला चिकटवूनच वाण घ्यायची.

मुलाच्या लग्नात अक्षता टाकायच्या तर हात वर करायला नको म्हणून हिने कमरेच्या उंचीवरून भिरकावल्या. कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा. सगळ्या पुढच्या माणसाच्या मानेत गेल्या. त्याने वळून पाहिलं तेव्हा ही भलतीकडे बघत उभी.

आता नातीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चिनी, गुणी आहे. अक्षता टाकायच्या म्हटल्यावर त्याने विचारलं होतं, भात शिजवून टाकायचा का. ही हसून हसून दमली. पण त्याच दिवशी मला म्हणाली, "या लग्नात मी हात वर करून अक्षता टाकणार. रेशमी पोलकं घालून. मला डॉक्टरकडे न्या."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. मी पॉलिक्लिनिकमध्ये नेली.

डॉक्टरीण चिनी, तरुण. तिने बरंच विचारलं. झोपेत घाम येतो का, वजन उतरलं का, छातीत धडधडतं का. रक्त काढलं. थायरॉइड बघितलं. काही निघालं नाही. उपजतच आहे म्हणाली, आणि ती बाटली दिली. मोडक्या इंग्रजीत मला कळलं ते असं: रात्री लावायचं, कोरड्या अंगाला लावायचं, सकाळी धुवायचं.

बस स्टॉपवरच हिने निकाल दिला. "पारोशा अंगाला औषध? दिवसभराचा घाम, त्यावर औषध लावून झोपायचं? काहीतरीच. मी आंघोळ करून लावणार."

मलाही पटलं. बोटीवर लोखंड आधी धुतात, मग रंगवतात. धुतल्यावर वाळवतात, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

तिने सकाळी आंघोळ केली, ओल्या अंगालाच औषध लावलं, वर घट्ट पोलकं घातलं आणि देवाला बसली. आग झाली तरी गप्प. औषध लागू पडतंय, म्हणून आग होते, असं तिचं म्हणणं. दोन-चार दिवसांत ती ओट्याशी उभी राहायची तर कोपरं अंगापासून लांब धरून, कावळा उन्हात पंख उघडून बसतो तशी. मी गाऊन बाजूला करून पाहिलं. काख लालभडक, कातडी सोललेली.

"हे काय केलंस गं?"

"माझ्या अंगाला औषध सोसत नाही. राहू द्या. मी आपली खुर्चीत बसून टाकीन अक्षता."

ते ती ज्या आवाजात म्हणाली तो मला सहन झाला नाही. मी नातीला फोन लावला. ती रॅफल्स प्लेसच्या बँकेत नोकरीला आहे, इथेच वाढलेली, इथल्यासारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावते. अर्धी रजा टाकून आली.

"आजी, व्हाय नेव्हर टेल मी? डॉक्टरला एम्बॅरस नाही होत, लाह."

"तुझ्या डॉक्टरला नसेल होत. मला होतं."

पण गेली. डॉक्टरणीने नुसतं बघितलं आणि विचारलं, आंघोळीनंतर लावलं ना? हिने मान खाली घातली. नातीने समजावून सांगितलं, ओल्या कातडीवर हे औषध पेटतं आजी, पाण्याशी त्याचं जमत नाही. आधी मलम लावून जखम भरायची, मग रात्री, खडखडीत कोरड्या अंगाला. मागून स्वतःला दिसत नाही, तर कोणीतरी बघायला हवं. डॉक्टरीण माझ्याकडे बघून म्हणाली, अंकल करतील.

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. ती आधी लाजली, मग चुका काढायला लागली, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. आणि औषध लागू पडलं. एके दुपारी धुण्यातलं पोलकं तिने माझ्या तोंडासमोर धरलं. "बघा." काखेतली बनियनची घडी कोरडी होती. त्या दिवशी तिने बसून सगळ्या पोलक्यांतल्या घड्या उसवल्या.

त्या शेवटच्या दिवशी आम्ही पुंगोलहून परत येत होतो. गाडीत बसायला जागा नव्हती. तिने वरची कडी धरली. घरी पोचलो तेव्हा माझा शर्ट मागून सरळ होता.

हृदय थांबलं, झोपेत, असं डॉक्टरने लिहून दिलं. मी त्याला विचारलं, औषधाने तर नाही ना? मुलगा म्हणाला, "बाबा, काय विचारताय?" पण मला विचारायचंच होतं. डॉक्टर म्हणाला, नाही, त्याचा काही संबंध नाही. लग्न सुतक फिटल्यावर झालं. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

त्या सकाळी मला जाग आली तेव्हा पंखा चालूच होता आणि ती उठलेली नव्हती. ती माझ्याआधी उठायची, कायम. हात लावला तर गार. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबा, कशाला हात लावू नका, मी निघालो. पुंगोलहून यायला वेळ लागतो.

मी बसून राहिलो. मग आठवलं, सकाळी धुवायचं असतं ते औषध. आता माणसं येणार, ब्लॉकमधल्या बायका येणार, तिला हलवणार, आणि ही पारोशी.

पाणी कोमट केलं. पंचा भिजवून पिळला. गाऊन उतरवला. हात उचलायला गेलो तर उचलेना. अंगाला घट्ट धरलेला, पूर्वी माणसांत धरायची तसा. मी जोर केला नाही. पंच्याचं टोक बोटावर गुंडाळलं आणि बाजूने आत सरकवून पुसलं. एक झाली, मग पलीकडे जाऊन दुसरी. दुसऱ्या पंच्याने कोरडं केलं. बोट घालून बघितलं.

कोरडी होती. मी गाऊन सारखा केला आणि दार उघडून ठेवलं.