ओकच्या रोपाची माती

मंडळी, आज मी माझ्या सुनेचं झाड मारलं की काय, कळत नाही.

सून पहाडातली, अल्मोड्याची. माहेराहून तिनं ओकचं छोटं रोप आणलं होतं. मुळं कुंडीखालून बाहेर डोकावायला लागली, म्हणून सकाळी ती मोठी कुंडी आणायला गेली. जाताना म्हणाली, "अम्मा, मी आल्यावर दोघी मिळून बदलू."

मला कुठला धीर! आमचं ओरत्तनाडूला भाताचं शेत. रोप लावायला मला कोण शिकवणार? लावणीच्या आधी भाताच्या रोपांची मुळं धुतात, तसंच मी ओकचं रोप उपटून बादलीत खळखळून धुतलं. गढूळ पाणी केळीला ओतलं.

ती आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "अम्मा, माती कुठंय? बाबांनी घरच्या मोठ्या ओकखालची घालून दिली होती. त्या मातीतली बुरशी मुळांना जगवते, तिच्याशिवाय हे रोप धरत नाही."

मी केळीकडे बोट दाखवलं.

अजून ती केळीच्या बुडाशी बसून कॉफीच्या टंब्लरमध्ये चिखल गोळा करतेय. तिच्या शेजारी जाऊन बसायचं सोडून मी खिडकीआडून तुम्हाला लिहितेय. कुठल्या तोंडानं जाऊ, सांगा ना.