घंटा वाजेपर्यंत

सरांनी माझ्या कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक तिच्या कमरेला. मग सगळ्या अकादमीसमोर जिभेने टकटक आवाज काढला, बैल हाकताना काढतात तसा.

"ओढ नं वं! काहून ढिल्ली पडून राहिली?"

मुलंमुली हसली. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

ती म्हणजे अकादमीच्या अध्यक्षांची मुलगी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मी तिला ताई म्हणायचं असा सरांचा हुकूम. आम्ही दोघी पंधराशे मीटर पळायचो. तिचा वेग वाढावा म्हणून मी तिला ओढायचं. "तुमच्या लोकायचे हाडंच दणकट रायते," सर म्हणायचे. तुमच्या लोकांचे म्हणजे कोणाचे, ते त्यांनी कधी उघड सांगितलं नाही. हजेरीपटावर माझं आडनाव होतं. बाबा वाडीच्या गोदामात ट्रक खाली करायचे, तेही त्यांना ठाऊक होतं.

सरांच्या हातात बागेला पाणी द्यायच्या पाइपचा तुकडा असायचा. ताई मागे पडली की तो माझ्या पोटऱ्यांवर बसायचा. ताई कंटाळली की बसायचा. एकदा माझी वेळ तिच्यापेक्षा बारा सेकंदांनी चांगली आली, म्हणून बसला. अंघोळीचं पाणी लागलं की आग व्हायची. आईने विचारलं की पडले म्हणायचे. पळायला दुसरं मैदान नव्हतं, म्हणून खोटं बोलत राहिले.

मग जिल्ह्याची निवड चाचणी आली. पहिली येणारी राज्य स्पर्धेला जाणार होती. आदल्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं.

"पहिल्यापासून तू पुढं राहाचं, पेस द्याचा. ताई तुह्या मागं राहीन. शेवटच्या राउंडची घंटा वाजली का पाय धरून बाहेर व्हाचं. क्रॅम्प आला म्हनाचं. समजलं?"

"सर, मले पण जिंकाचं आहे."

पाइप तेव्हा हातात नव्हता. त्यांनी माझे केस मुठीत धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदाच. मग केस सोडले आणि हात पँटला पुसला.

मार मला सवयीचा होता. पण हात पुसताना मी त्यांना पाहिलं. सायकलवरून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

बंदुकीचा बार झाला तशी मी पुढे गेले. मागे तिचा श्वास. एक राउंड, दुसरा. सांगितलं तशीच पळत होते, शहाण्या मुलीसारखी. घंटा वाजली. सर कडेला उभे होते, हाताने बाहेर, बाहेर म्हणत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वेग वाढवला.

मागून तिच्या बुटाचे खिळे माझ्या टाचेत घुसले.

"बाहेर हो ना! ठरलंय ना आपलं!" ती किंचाळली.

तिने माझा बनियन मागून ओढला. वळणावर बाजूला येऊन बरगडीत कोपर घातलं. मी उलटं कोपर मारलं, जीव खाऊन मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं आणि ती ट्रॅकवर आदळली. चुकून लागलं असं मी पंचांनाही सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. मी मारलं.

पहिली आले. बुटात रक्त भरलं होतं, पाऊल टाकलं की पचपच वाजायचं. पंचांनी मला बाद केलं. तिचे खिळे, तिची ओढाओढ त्यांच्यापैकी एकालाही दिसली नव्हती. तेवढ्यात सर धावत आले.

"जनावर साली!"

कानाखाली बसली. दुसऱ्यांदा हात उठला तो मी मनगटात पकडला आणि उजवी मूठ त्यांच्या नाकावर हाणली. ते खाली बसले. बोटांमधून रक्त गळायला लागलं. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

अकादमीने हाकललं. वर्षभराची बंदी लागली. घरी येऊन मी बाबांना पोटऱ्या दाखवल्या. ते बराच वेळ बघत राहिले.

"इतके दिवस काहून नाई सांगतलं वं?"

"सांगतलं असतं तर तुमी मले माफी मागाले लावलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पळायला निघाले तेव्हा बाबा सायकल काढून मागे आले.

ते वर्ष अमरावती रोडवर ट्रकांच्या धुरात पळाले. बंदी उठली आणि राज्यात पहिली आले. पुढच्या वर्षी पुन्हा. नंतर राष्ट्रीय स्पर्धेत सोनं. लोक म्हणतात, आता तरी राग सोड. का सोडू? त्याच रागावर मी पळते.

गेल्या आठवड्यात सीताबर्डीच्या चौकात फ्लेक्स लागला. मोठा फोटो माझा. वर अकादमीचं नाव, खाली हात जोडलेले सर. 'आमच्या मुशीत घडलेली सुवर्णकन्या. भव्य नागरी सत्कार.' मी समोरच्या दुकानातून कटर विकत घेतला, रेलिंगवर चढले आणि फाडायला लागले. गर्दी जमली. पानठेलेवाला धावत आला.

"मॅडम, फोटो तर तुमचाच आहे नं!"

"म्हणूनच फाडून राहिली."

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाजात साखर.

"बेटा, जुन्या गोष्टी मनात नाई ठेवाच्या. सत्काराले ये. सगळे मोठे लोक येऊन राहिले."

"फ्लेक्स पुन्हा लावला तर पुन्हा फाडीन, सर. स्टेजवर मात्र येईन. माइक हातात आला की तुमचं नाव घेऊन सगळं सांगीन. ताईचंही, अध्यक्षांचंही."

त्यांनी फोन कापला. सत्कार रविवारी आहे. रद्द झाल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही. मी जाणार आहे.