गावपळणीत राहिलेले बूट

आमच्या गावाला काही वर्षांनी एकदा गाव सोडावे लागते. ग्रामदेवतेचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री माणूस, गुरे, कोंबडी, कुत्री यांपैकी एकही जीव गावाच्या सीमेत राहत नाही. सगळे सीमेबाहेरच्या माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून राहतात. चौथ्या दिवशी मानकरी आणि गुरव तेवढे देवळात जाऊन देवाला विचारतात, आणि देवाने होकार दिला तर गाव परत भरतो. हीच गावपळण. शहरातून आलेल्या पाहुण्यांना ती सहल वाटते. मला ती कधीच मानवली नाही. मी तहसील कचेरीच्या आवाराबाहेर बसून गेली कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. शाळा आठवीत सुटली, परंतु कचेरीतल्या साहेबांनीही माझ्या मसुद्यात कधी दुरुस्ती केल्याचे स्मरत नाही. अशा माणसाला टेबल, कागद आणि समोर अडलेला पक्षकार यांवाचून खोपीत बसवून ठेवले, की त्याचे हात उगीचच वळवळत राहतात.

गेल्या गावपळणीत या अस्वस्थतेला आणखी एक कारण मिळाले. ते म्हणजे शेजारच्या खोपीतली सून.

ही बाई मासे विकते आणि धावते. माहेर जामसंड्याकडचे. लहानपणी किनाऱ्यावरच्या लिलावातून टोपली उचलायची आणि बाजारात सगळ्यांच्या आधी पोहोचायचे, हे काम आईने तिच्यावर सोपवले होते. जो आधी पोहोचेल त्याचे मासे ताजे ठरत. लग्न होऊन ती आमच्या शेजारी आली, नवरा गोव्याला ट्रॉलरवर गेला, आणि ती पहाटे रस्त्याने धावू लागली. सुरुवातीला लोकांना वाटे की कुणाच्या तरी घरी बरेवाईट झाले असून ही निरोप घेऊन चालली आहे. दारे उघडून म्हातारी माणसे विचारीत, "गो, कोण गेलो?" ती न थांबता सांगे, "कोण नाय, मीच जातंय."

पुढे ती जिल्ह्यातल्या शर्यतींत उतरली. मग पन्नास किलोमीटर, मग शंभर. तिच्या कारकिर्दीचा कागदोपत्री भाग संपूर्णपणे माझ्या हातचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. रस्त्यावर दिवे लावण्याबाबतची विनंती, मोकाट कुत्र्यांबाबतची तक्रार, प्रवेशासाठीची निवेदने, सगळे मीच लिहिले. दिवे आले, कुत्री राहिली. त्या वर्षी तिला सर्वांत मोठी संधी चालून आली होती. परराज्यातल्या एका मैदानाभोवती एक दिवस आणि एक रात्र सलग धावायचे, आणि ठरलेले अंतर पुरे झाले तर देशाच्या संघात निवड. वय चाळिशीकडे झुकलेले. अशी संधी पुन्हा येईल याची शाश्वती कुणीच देत नव्हते. तिची गाडी गावपळणीच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी कुडाळहून सुटणार होती.

पहिल्या दिवशी आम्ही खोपी उभारल्या, चुली मांडल्या, आणि दुपारी शेजारून तिच्या सासूचा आवाज चढला.

"कोंबडी इली, बोको इलो, खलबत्तो इलो. तुझे बूट तेवढे इले नाय? त्येंका काय पाय नाय?"

"कौलांर सुकत घातलेले. तुमीच सांगलास, वास मारता, भायर काढ म्हणान."

"भायर काढ म्हटलंय. इसारान ये म्हणाक नाय."

लांब धावणाऱ्याचे बूट म्हणजे नुसते पायताण नव्हे, हे मला तिच्याकडूनच कळले होते. महिनोन्‌महिने धावून ते पायाच्या आकाराचे होतात. नवे बूट घालून दिवसरात्र धावले तर पायाची सालटी निघतात, नखे उतरतात. आणि हे बूट आता सीमेच्या आत, तिच्या घराच्या कौलांवर होते. आमच्या खोपीपासून सीमेवरच्या ओढ्यावरची मोरी दिसत होती, मोरीपलीकडे वळण, वळणावर तिचे घर. चालत गेले तरी पान लावून होईपर्यंत परत येता आले असते. परंतु त्या दिवसांत रिकाम्या गावात देव फिरतो, अशी आमची श्रद्धा आहे, आणि माझीही आहे. परगावचा माणूससुद्धा त्या काळात आत पाऊल टाकत नाही.

ती उठली. सासूच्या रबरी चपला घालून मोरी ते खाडीचा काठ या पट्ट्यात धावू लागली. मोरीपर्यंत यायची, आत बघायची, वळायची. संध्याकाळी चपला काढून टाकल्या आणि अनवाणीच सुरू झाली. खोपीखोपीतून लोक बोलत.

"गो बाय, सगळो गाव हय बसलोहा, तू खंय पळतंस?"

"भाकरी जिरवतंय."

"आमची पण जिरव वायच."

तिच्या त्या फेऱ्यांनी मला बसू दिले नाही. ती वळली की मी उठायचो, ती दिसेनाशी झाली की मोरीकडे नजर लावायचो. आत गेली तर काय? गावाची पळण बाटली म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडले असते. नाही गेली तर ती शर्यत कशी करणार? दोन्ही बाजूंचे मसुदे डोक्यात तयार होते आणि सादर करायला कचेरी नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी मुख्य मानकऱ्यांच्या खोपीत गेलो. वयोवृद्ध माणूस, सुपारी कातरत बसलेला. मी विषय रीतसर मांडला. म्हटले, उद्या सकाळी आपण आणि गुरव कौल लावण्यासाठी आत जाणारच आहात. येताना वाटेतल्या कौलांवरून एक जोड उचलून आणल्यास प्रथेचा भंग होत नाही, कारण आत जाण्याचा अधिकार आपल्याला आहेच. याहून बिनतोड युक्तिवाद मी आजवर केलेला नाही.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मी देवाक इचारूक जातंय. बूट हाडूक नाय."

"परंतु तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे, काका."

"अरे, देवाच्या दारातसून पायताणां हातीत घेवन भायर येव? तुझे अर्ज थय कचेरीत चलतत, ते बरे आसत. हय चलाचे नाय. आणि फाल्या कौल झालो की सगळेच घराक जातलंव. एक रात तुका कळ काढवत नाय?"

हे खरेच होते. चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला असता तर दुपारपर्यंत ती घरी, आणि संध्याकाळी बूट घेऊन गाडीत. सकाळी सगळा माळ मोरीजवळ उभा होता. ती सर्वांच्या पुढे, पिशवी खांद्याला लावून. मानकरी आणि गुरव वळणावरून परत आले, आणि त्यांच्या चालण्यावरूनच समजले. देवाने उजवा कौल दिला नव्हता. आणखी एक दिवस बाहेर.

कुणी तिच्याकडे बघेना. मानकरीही तिच्या बाजूने न जाता कडेने गेले. ती मोरीच्या अलीकडे बराच वेळ उभी राहिली. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. कशासाठी, हे मला आजही सांगता यायचे नाही. अडवायला की बरोबर जायला?

तेवढ्यात सासू आली आणि चपलांचा जोड तिच्या पायाशी टाकला. "ह्यो घाल आणि रिक्षा बघ. गाडी काय देवाक इचारून सुटता?"

"आणि बूट?"

"थयसर घे नवे. येताना माझ्यो व्हाणो हाड परत."

ती गेली. दुसऱ्या दिवशी कौल झाला आणि गाव भरला, पण माझे लक्ष त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस फोनकडे होते. शर्यत तिने नव्या बुटांत केली. पहाटेपर्यंत पाय रक्ताळले, एका पायाची नखे गेली, तरी ती चालत, लंगडत, धावत शेवटच्या घंटेपर्यंत मैदानावर राहिली. ठरलेल्या अंतराला मोजक्या फेऱ्या कमी पडल्या. निवड झाली नाही.

ती परतल्यावर मी आठवडाभर थांबलो आणि मग कागद घेऊन तिच्या पडवीत गेलो. आयोजकांना उद्देशून सविस्तर निवेदन मी तयार केले होते: गावची परंपरा, देवाचा कौल, अपरिहार्य कारणाने उपलब्ध न झालेली पादत्राणे, सबब सहानुभूतीपूर्वक फेरविचार व्हावा. ती पायाला खोबरेल तेल चोळीत होती. मी वाचून दाखवले.

"ह्या धाडू नकात," ती म्हणाली.

"का? यात एक शब्द खोटा नाही."

"म्हणानच नको. देवान माझा वाटोळा केल्यान, असा कागदार लिवलास तर मी ह्या गावात तोंड खंय दाखवू? म्हातारी माका जेवाण घालूची नाय." मग तेलाची वाटी बाजूला सारून, "आणि बूट मी इसारलंय, काकानू. देव नाय इसारलो."

आतून सासू म्हणाली, "आता कळला."

मी कागदाची घडी घातली. इतका मजबूत मसुदा वाया जाणे मला सोसवत नव्हते आणि अजूनही सोसवत नाही. कधी कधी कचेरीसमोर बसलेला असताना त्यातली वाक्ये आपोआप आठवतात आणि मी उठून दोन पावले चालून येतो.

पंधरा-वीस दिवसांनी ती कचेरीपाशी आली. डोक्यावर टोपली, पायात अजून सासूच्याच चपला. हिवाळ्यात दुसरीकडे अशीच एक शर्यत आहे, तिथून निवड होते की नाही माहीत नाही, पण प्रवेशासाठी विनंती लिहून द्या, म्हणाली. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर आणि दुसऱ्यावरचा पुन्हा पहिल्यावर टाकीत उभी राहिली. मी नेहमीप्रमाणे प्रास्ताविकाला सुरुवात केली, जिल्ह्याचा गौरव वगैरे.

"काकानू, वायच आटपतं लिवा," ती म्हणाली. "मासे गरम होतत."

मी प्रास्ताविक खोडले. फक्त नाव, गाव, आणि धावण्याची परवानगी मिळावी, एवढेच लिहिले. तिने उभ्यानेच सही केली, आणि शाई वाळण्याच्या आत ती रस्त्याला लागली होती.