भिंतीवरचं घाबरणं

डायरी लिहिली की मन हलकं होतं, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्या घरी बहुतेक कुलूप लागणारं कपाट असावं. कोपरच्या आमच्या दोन खोल्यांत तसलं काही नाही. शेजारणीने वाढदिवसाला दिलेली डायरी मी मनापासून लिहायला घेतली. नवऱ्याने लाइटबिल शोधताना ती वाचली, सासूबाईंनी धूळ पुसता पुसता वाचली. मग मी काय खरं लिहिणार? ‘आज प्रसन्न वाटलं.’ रोज आपली प्रसन्न. शेवटी माझी मलाच चीड आली आणि डायरी माळ्यावर गेली.

खरं एवढंच होतं की मी स्कूटरवरून पडले होते. कल्याणला आईकडे जाताना, पत्रीपुलाच्या अलीकडच्या वळणावर, खडीवरून घसरले. हात मोडला. हात जुळला, भीती काही जाईना. दर शनिवारी एकटी कल्याण गाठणारी मी, आता कुणी सोबत येतंय का म्हणून वाट बघत बसायची. गाडीवर कव्हर चढलं. नवरा म्हणू लागला, विकून टाकू, उगाच गंजतेय. तो हे प्रेमाने म्हणायचा आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. ती गाडी मी माझ्या पगारातून घेतलेली. कुणाला न विचारता घराबाहेर पडायची माझी तेवढी एकच सोय होती.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचा खाडा मांडायचं काम माझं. एका सकाळी ‘दूध नाही’ लिहिलं आणि पेन हातात होतंच, म्हणून त्याच चौकोनात खाली लिहिलं, ‘गाडी काढली नाही. घाबरले.’

सासूबाईंनी संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ बघायला चष्मा लावला आणि ते वाचलं.

“अगं, हळदीकुंकवाला बायका येतील. त्यांनी हे वाचायचं?”

“वाचू देत की, आई. दुधाचा खाडा वाचतातच ना.”

वाचलं बायकांनी. एकीने तिळगूळ देता देता, लहान पोराला समजावतात तसं, घाबरायचं नाही असं सांगितलं. मी म्हटलं, घाबरणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं. चारचौघांत आपलीच शोभा, असं नवरा कुरकुरला, तेव्हा मी पेन दोऱ्याने कॅलेंडरलाच बांधून टाकलं.

मन हलकंबिलकं काही झालं नाही. पण भिंतीवर खोटं लिहिता येईना, कारण खाली उभी असलेली गाडी सगळ्यांना दिसत होती. ‘काढली नाही’ लिहायचा कंटाळा आला, तेव्हा मी कव्हर ओढून काढलं. मग चौकोनांतला मजकूर बदलला. ‘गेटपर्यंत. घाबरले.’ ‘भाजीवाल्यापर्यंत. घाबरले.’ ‘वळणाआधीच परत फिरले. फार घाबरले.’ एकदा पोळ्या लाटताना सहज वर बघितलं आणि लक्षात आलं, घाबरणं तेवढंच होतं, पण मी दरवेळी थोडी पुढे जात होते. माळ्यावरच्या त्या प्रसन्न बाईने मला हे कधीच सांगितलं नसतं.

त्याच आठवड्यात रविवारच्या चौकोनात नवऱ्याच्या अक्षरात ओळ आली, ‘गाडी बघायला माणूस, सकाळी अकरा.’ मला एका शब्दाने विचारलेलं नव्हतं. अंगाचा तिळपापड झाला. भांडले नाही. रविवारी तो मटणाच्या रांगेत उभा असताना मी त्याच्या ओळीखाली लिहिलं, ‘गाडी विकायची नाही. ती घेऊन कल्याणला जाते. घाबरलेलीच आहे.’ आणि किल्ली उचलली.

त्या वळणावर खडी तशीच पडलेली होती. गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायले, पुन्हा सुरू केली. आईने दार उघडलं, माझ्या हातातलं हेल्मेट बघितलं आणि चहा टाकायला आत गेली.

इकडे काय झालं ते नवऱ्याने नंतर, जरा फुगूनच सांगितलं. तो माणूस वेळेवर आला. नवरा त्याला बसवून घेत होता, बायको येईलच एवढ्यात म्हणत होता. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं होतं, पेन दोऱ्याला लोंबत होतं. ते त्यांनी त्या माणसाच्या पुढ्यात धरलं.

“गाडी विकायची नाही,” त्या म्हणाल्या. “लिहिलंय बघा तिने.”