उतार बरोबर आहे, पाणीच चुकतंय

मुकादमांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांच्या मधे एक भिंत होती आणि मी बादलीत बसलेलो होतो.

त्या घरात मी आदल्याच दिवशी राहायला आलो होतो. सकाळी तोंडाला साबण फासून आरशासमोर उभा होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "ये, ये, मागे ये." आवाज असा की भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं. मी साधा माणूस. एवढ्या अधिकाराने कुणी बोलावलं की माझे पाय मला न विचारता हुकूम मानतात. मी एक पाऊल मागे सरलो. "अजून ये." अजून सरलो. "डावीकडे घे जरा." घेतलं. "येऊ दे, येऊ दे, बस." आणि मी बसलो. खाली काठोकाठ भरलेली बादली होती. मागाहून कळलं की गल्लीत खडीचा ट्रक मागे घेणं चाललं होतं. ट्रक अगदी बरोबर जागेवर लागला होता, आणि मीही. त्याच वेळी स्टँडवर उभी असलेली एक रिकामी बससुद्धा थोडी मागे सरकली असं लोक सांगतात. मला ते खोटं वाटत नाही.

मुकादम रस्ते खात्यात कामाला होते. तोंडावर सगळे त्यांना मुकादम म्हणत, पाठीमागे भोंगा. तेही हळू आवाजातच म्हणत, कारण त्यांचे कानही तोंडाच्या तोलामोलाचे होते. माणूस आडवा, मिशी त्याहून आडवी, आणि डोक्यावरची टोपी मूळची कुठल्या रंगाची होती हे फक्त डांबरालाच ठाऊक. कामाला मात्र वाघ. भराव घालायचा तर वीतभर जाडीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मगच दुसरा थर. घाई करणाऱ्या माणसाला ते सांगत, "माती आणि बायको, दोघींना बसायला वेळ द्यावा लागतो."

काम झालं की त्यांची एक परीक्षा असे. ट्रकच्या बॉनेटवर चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचा आणि नव्या तुकड्यावरून ट्रक सावकाश न्यायचा. चहा सांडला नाही तर रस्ता पास. मग तो चहा मुकादम स्वतः पीत. सांडला तर त्या दिवशी कुणालाच चहा नाही, आधी खणायचं. खात्याच्या नियमांत ही परीक्षा कुठेही नव्हती, पण इंजिनिअर बाईसुद्धा त्या ग्लासाकडे डोळे लावून उभ्या राहत.

एवढा मोठा कारागीर, पण घरातल्या एका फरशीने त्याचा संसार उसवला.

झालं असं की वहिनींच्या, म्हणजे मुकादमांच्या बायकोच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची मोरी होती. तिथली फरशी मुकादमांनी हौसेने स्वतः बसवली. परक्या माणसाने माझ्या घराला हात लावायचा नाही, असा त्यांचा बाणा. फरशी झाली देखणी. फक्त मोरीत ओतलेलं पाणी भोकाकडे न जाता उलट वळे, मोरीचा काठ ओलांडे आणि वहिनींच्या पायांशी येऊन उभं राही. वहिनींनी सांगितलं, उतार चुकलाय. मुकादम पालथे पडले, एक डोळा मिटून फरशीकडे पाहिलं आणि निकाल दिला, "उतार बरोबर आहे. पाणीच चुकतंय."

बरीच वर्षं वहिनी चुकार पाणी फडक्याने पुसत राहिल्या. त्यांना राग ओल्या पायांचा नव्हता. त्यांचं म्हणणं मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाठ आहे: या माणसाने जन्मात कधी चूक कबूल केलेली नाही. भाजी करपली तर शेगडी खराब, गाडी चुकली तर गाडीच लवकर आली. शेवटी एका सकाळी वहिनी त्या पाण्यावरून घसरल्या, मनगट मुरगळलं, आणि जमिनीवर बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "आतातरी म्हणाल का?" मुकादम म्हणाले, चप्पल बदलायला हवी.

वहिनींनी पिशवी भरली. त्या नदीपलीकडे भावाकडे गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "ज्या दिवशी तुमच्या तोंडून 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द निघतील, त्या दिवशी येईन. नाहीतर तिथेच बरी आहे मी. तिथलं पाणी सरळ वाहतं."

हा भाऊ म्हणजे मुकादमांचा मेहुणा. तोही रस्ते खात्यातच मुकादम, पण नदीच्या त्या काठचा. त्याचा आवाज इतका बारीक की त्याला कुजबुज म्हणत. त्याच्या गँगमधली माणसं त्याच्या ओठांकडे बघून काम करायला शिकली होती. हे दाजी आणि हा मेहुणा यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. एकाचं ऐकवत नसे आणि दुसऱ्याचं ऐकू येत नसे.

वहिनी गेल्या त्याच आठवड्यात वादळ आलं.

त्या वादळाचं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगतो की आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पोस्टाच्या अंगणात सापडली आणि तिच्यात कुणाचा तरी कोंबडा जिवंत बसलेला होता. हमरस्त्यावर झाडं अशी पसरली होती, जशा काड्यापेटीतल्या काड्या सांडाव्यात. घाटातली एक अख्खी कड रस्त्यासकट खाली उतरून गेली होती. आणि नदीवरचा पूल? पूल ठणठणीत होता. पण त्याच्या दोन्ही टोकांचे भराव पाण्याने नेले होते. भर नदीत पूल एकटाच उभा, दोन्हीकडून जायला वाट नाही. लग्नाला वेळेवर आलेल्या, पण मांडवच न सापडलेल्या पाहुण्यासारखा.

पुढचे दिवस मुकादमांचे होते. कधी घरी यायचे, कधी जेवायचे, कुणाला कळत नसे. झाडं कापली, दरडी उपसल्या, वाहून गेलेल्या कडा दगडांनी बांधल्या. एकेक रस्ता मोकळा होई, पहिला दूधवाला निघे, पहिली बस निघे, आणि बसमधली माणसं खिडकीतून हात हलवत. मुकादम हात हलवत नसत. ते बसची चाकं कशी जातात ते बघत.

घरी आले की भिंतीपलीकडे सामसूम. त्या शांततेने माझी झोप उडाली. एकदा मी डोकावलो तर मुकादम कालचा भात तसाच पातेल्यातून खात होते आणि मोरीतलं पाणी त्यांच्या पायांशी येऊन थांबलं होतं. मी म्हटलं, फोन करा वहिनींना. ते म्हणाले, केला होता. उचलला मेहुण्याने, काय बोलला देव जाणे.

मग पुलाचं काम निघालं. या टोकाचा भराव आमच्या मुकादमांकडे, त्या टोकाचा कुजबुजकडे. दोन्ही काठांवर माणसं, रोलर, मुरमाचे ढीग. आणि दोन्ही काठांवर बघे, कारण वहिनींची अट एव्हाना दोन्ही गावांना तोंडपाठ झाली होती. पलीकडच्या काठावर वहिनी रोज भावाचा डबा घेऊन येत आणि हाताची सावली डोळ्यांवर धरून इकडे पाहत. मुकादमांनाही ते दिसे. त्यांनी मनाशी एक सोपा मार्ग काढला. ते दोन शब्द म्हणायची गरजच काय? आपण भराव आधी पुरा करायचा, पहिली गाडी आपली न्यायची, पुलाच्या त्या टोकाला थेट वहिनींसमोर उभी करायची. एवढा पराक्रम बघितल्यावर बाई काय फरशीची आठवण काढणार आहे?

आणि जन्मभर जे कुणालाही करू दिलं नव्हतं, ते त्यांनी स्वतः केलं. घाई केली. वीतभराचे थर हातभर होऊ लागले. रोलर दोनदा फिरायचा तिथे एकदा फिरू लागला. इंजिनिअर बाईंनी हटकलं, "मुकादम, थर जाड पडतोय." मुकादम म्हणाले, "बाई, ही माती मला ओळखते." बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, ओळखत असेल, पण मी परीक्षा झाल्याशिवाय सही करणार नाही. पलीकडे कुजबुज मुंगीच्या पायाने एकेक थर बसवत होता.

अर्थात आमचा भराव आधी झाला. दोन्ही काठ माणसांनी फुलले. भाजीचे टेम्पो, दुधाच्या गाड्या, एक नवीकोरी रुग्णवाहिका, सगळे रांगेत उभे. मुकादमांनी धुतलेला शर्ट घातला होता. मी त्यांना धुतलेल्या शर्टात प्रथमच पाहत होतो आणि क्षणभर ओळखलं नाही. ट्रकच्या बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवला गेला. ट्रक निघाला. भरावावरून सावकाश चढला. भराव जिथे पुलाला मिळतो तिथे पुढचं चाक आलं आणि खाली गेलं.

फार नाही, थोडंसंच. पण ग्लास आडवा झाला.

रांगेतला पहिला टेम्पोवाला म्हणाला, अहो, एवढ्याशा धक्क्याला कोण विचारतंय, जाऊ द्या. इंजिनिअर बाई मुकादमांकडे नुसत्या बघत राहिल्या. मेहुण्याच्या बाजूचा शेवटचा थर अजून बसायचा होता, तेव्हा निमित्त शोधायला वेळ भरपूर होता. ट्रक जुना आहे. चहा पातळ आहे. मी मनातल्या मनात त्यांना एक-दोन सुचवलीही.

मुकादम खाली बसले. बोट त्या सांध्यात घातलं. बोट आत गेलं. ते बराच वेळ त्या बोटाकडे बघत होते. पाऊस येईल, पूर येईल, आणि ही रुग्णवाहिका इथे अडकेल, हे त्या बोटाला दिसत असावं. मग ते उठले, गँगकडे वळले, आणि ज्या आवाजाने मला बादलीत बसवलं होतं त्या आवाजात म्हणाले:

"माझं चुकलं. सगळं काढा, पुन्हा भरा."

पुलाखालची पाखरं उडाली. पलीकडच्या काठावरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. इकडे कुदळी पडायला सुरुवात झाली. मुकादमांनी धुतलेला शर्ट काढून कठड्यावर टाकला आणि पहिलं घमेलं स्वतः उचललं. भाजीवाल्यांनी थोडा वेळ शिव्या दिल्या, मग त्यांच्यातलेही काही उतरून घमेली उचलू लागले.

कुजबुजच्या बाजूचा भराव नीट बसला आणि पलीकडून काहीतरी येताना दिसलं. रोलर होता. पुलावरून, रोलरच्या चालीने, म्हणजे पायी चालणाऱ्याला मधे दोन डुलक्या काढता येतील अशा वेगाने. चालवणाऱ्याच्या शेजारी कुजबुज, आणि त्याच्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन वहिनी. विजयी सेनापती रथातून येतात म्हणे. त्यांना रोलर मिळाला नव्हता म्हणून. दोन्ही काठ उभे राहून बघत होते आणि रोलर काही केल्या पोचत नव्हता.

शेवटी पोचला. मधे उकरलेला खड्डा. अलीकडे मुकादम, डोक्यावर घमेलं.

"काय म्हणालात मघाशी?" वहिनींनी वरूनच विचारलं. "नीट ऐकू आलं नाही."

अख्ख्या नदीला ऐकू गेलं होतं. पण मुकादमांनी घमेलं खाली ठेवलं आणि पुन्हा सांगितलं. या वेळी इतक्या हळू की मेहुण्यालाही ओठांकडे बघावं लागलं.

"दाजी," कुजबुज म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचे शब्द कळले, "आमचा रोलर घ्या. दोन असले की लवकर बसेल."

वहिनी खाली उतरल्या, पिशवी मुकादमांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे भरावाचं झालं. फरशीचं काय?"

"बघू," मुकादम म्हणाले.

दोन गँगा, दोन रोलर, वीतभराचे थर. एकाने ओरडायचं, दुसऱ्याने कुजबुजायचं, आणि माती दोघांचंही ऐकायची. पुन्हा ग्लास ठेवला गेला तेव्हा तो वहिनींनी भरला, इतका काठोकाठ की चहा काठाच्या वर फुगून उभा होता. ट्रक भरावावर चढला, सांध्यावर आला, सांधा ओलांडून पुलावर गेला, पूल संपला, पलीकडचा भराव उतरला. थेंब हलला नाही. दोन्ही काठांवर जो गलका उठला त्यात मुकादमांचा आवाजसुद्धा बुडून गेला. हे एकदाच घडलेलं आहे आणि मी त्याचा साक्षीदार आहे. इंजिनिअर बाईंनी सही केली. मग टेम्पो निघाले, दुधाच्या गाड्या निघाल्या, आणि सगळ्यांच्या पुढे रुग्णवाहिका, सायरन वाजवत, आत कुणीही नसताना.

तो सांधा आजही तसाच सपाट आहे. मी मुद्दाम स्कूटरवर चहा घेऊन जाऊन पाहिलंय. त्यानंतर आणखी दोन वादळं झाली, भराव हलला नाही. मुकादम आता निवृत्त झालेत, मेहुणा रविवारी जेवायला येतो आणि भिंतीपलीकडून पुन्हा एकाच माणसाचा आवाज ऐकू येतो.

स्वयंपाकघरातली फरशी अजून तशीच आहे. वहिनी पाणी फडक्याने पुसतात.