हाताचा लेयर

कॉम्प्युटरवर नवी फाइल उघडून तिला नाव दिलं नाही, तर तो स्वतःच तिला 'अनटायटल्ड' म्हणतो. पुढचीला 'अनटायटल्ड दोन', मग तीन. आमच्या डिझाइनच्या क्लासमधले किस्से माझ्याकडे असेच साठत गेले. मुद्दाम कुणी ठेवले नाहीत. एक दिवस पाहिलं, तर डेस्कटॉप भरलेला.

क्लास सांगलीत, विश्रामबागेत, एका बेकरीच्या वर. शनिवार-रविवार दुपारी. खालून टोस्टचा वास यायचा आणि वर आम्ही 'बॅलन्स' शिकायचो. शिकवणाऱ्या रुबिना मॅडम मूळच्या फलटणच्या, वयानं तिशीच्या आतल्या. विद्यार्थी बहुतेक कॉलेजची मुलं. त्यांच्यात अपवाद दोन. एक विकास, कवठे महांकाळला डिजिटल बोर्डाचं दुकान चालवणारा. दुसरा मी, पन्नाशी ओलांडलेला, शाळेत भूगोल शिकवणारा.

पहिल्या दिवशी मी दारात चपला काढत होतो. आतून विकासनं सांगितलं, "काका, पालकांनी खाली थांबायचंय."

मी म्हटलं, पालक नाही, शिकायला आलोय. तो उठून उभाच राहिला. मग जरा विचार करून म्हणाला, "मग या की. माझ्याशेजारची खुर्ची मोकळीच हाय."

शेवटच्या दिवसापर्यंत आम्ही शेजारी बसलो.

*

त्याच दिवशी मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी शिकायचंय? मुलांपैकी कुणाला पुण्यात नोकरी हवी होती, कुणाला घरबसल्या कामं. विकास म्हणाला, "गिऱ्हाईक म्हनतंय बोर्ड लय भारी झालाय, पन वाचाय काय येईना."

माझी पाळी आली. मी म्हणालो, बायकोचं एक चित्र काढायचं आहे. मागच्या रांगेतून पोरांनी "ओऽऽ" केलं. मग पुढचं सांगावंच लागलं. मंगल गेली त्याला काही महिने झाले होते. पहिल्या पुण्यस्मरणाचं कार्ड करायचं होतं, आणि त्यावर लावायला फोटो नव्हता.

म्हणजे फोटो पुष्कळ होते. पण मंगल हसली की तोंडावर हात धरायची, आणि कॅमेरा समोर आला की तिला हमखास हसू यायचं. त्यामुळे लग्नाच्या अल्बमपासून मुलीच्या पदवीदानापर्यंत सगळीकडे ती आहे, आणि तिचा हात आहे. दातांत काही खोट नव्हती. सवय होती. आधार कार्डावरचा एक फोटो तेवढा मोकळा होता, पण त्यात ती माझीही ओळख नसल्यासारखी बघते.

तिची आई म्हसवडला असते. मी त्यांना मामी म्हणतो, त्या मला लग्न झाल्यापासून गुर्जी म्हणतात. दिवसकार्याला मी हाताचाच एक फोटो लावला होता. तो बघून मामींनी मला बाजूला घेतलं.

"गुर्जी, तोंड झाकल्याला फोटू लोकांत लावत्यात व्हय? वर्सश्राद्धाला तरी धड लावा."

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही.

*

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी मोकळी जागा शिकवली. डोळ्याला थांबायला जागा हवी, निम्मं पोस्टर रिकामं राहिलं तरी चालेल, असं त्यांचं म्हणणं. घरून करून आणायला वाढदिवसाचा बोर्ड दिला.

विकासनं आणलेल्या बोर्डावर वाढदिवस असलेला मुलगा होता, वर नेते होते, खाली मित्र होते, दोन्ही बाजूंनी आणखी मित्र होते. जिथं चेहरा मावत नव्हता तिथं फुगे. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "विकास, ह्यात मोकळी जागा कुठे आहे?"

"हुती की मॅडम," तो म्हणाला. "गिऱ्हाइकानं बघितली. म्हनला, हितं कोन ऱ्हायलाय?"

मुलं हसली. तो मात्र गंभीर होता. त्यानं समजावून सांगितलं की गावात बोर्डावर रिकामी जागा दिसली की माणसं आपापले चेहरे शोधायला लागतात, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी नाराज होऊन घरी बसतं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. शिक्षक विद्यार्थ्याचं वाक्य उतरवून घेतो, हे मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिलं आहे.

*

मग आला महत्त्वानुसार लावायचा क्रम. जे महत्त्वाचं ते मोठं, बाकीचं त्याच्या मानानं लहान. मॅडमनी विचारलं, हा नियम मोडला तर काय होतं?

विकासनं हात वर केला. त्याच्याकडे एका लग्नाचा स्वागताचा बोर्ड आला होता. नवऱ्या मुलाचा फोटो आला व्हॉट्सअ‍ॅपवरून, तोही कुणीतरी पुढे पाठवलेला. मोठा केला की नुसते चौकोन दिसायचे. मुलाचा मामा फौजेत सुभेदार. त्यांचा फोटो छावणीतल्या फोटोग्राफरनं काढलेला, वर्दीतला, मिशीचा केस न् केस मोजावा इतका स्वच्छ. विकासनं फाइल बघून निर्णय घेतला. मामा मोठा, नवरदेव कोपऱ्यात.

"मग काय झालं?"

"काय न्हाई. मांडवाच्या दारातच लोकं मामाला हार घालाय लागली. त्यो बिचारा म्हनतोय, आवं माझं झालंय, पोरं कॉलेजात हायत माझी!"

*

मुलांना सगळ्यात आवडलेली गोष्ट 'अंडू'. रेघ चुकली की दोन बटणं दाबायची, रेघ गेली. मलाही तिची इतकी सवय लागली की शाळेत फळ्यावर कृष्णेचा उगम जरा खाली गेला, तर डाव्या हाताची बोटं टेबलावर बटणं शोधायला लागली.

आमच्यात प्राजक्ता नावाची एक मुलगी होती. हात चांगला, पण एक रेघ काढली की मागे घ्यायची. तासभर बसून तिचा पडदा कोरा. मॅडम तिला रागावल्या नाहीत. त्यांनी आपल्या अम्मीची गोष्ट सांगितली. अम्मी फलटणला लग्नांत मेंदी काढायला जायची. मेंदी एकदा टेकली की मागे घेता येत नाही. मग रेघ चुकली की अम्मी तिथं एक फूल काढायची. बघणाऱ्याला वाटायचं, फूल ठरवूनच काढलंय.

"एकदा एका लग्नात अम्मीला ताप होता," मॅडम म्हणाल्या. "त्या नवरीच्या हातावर बागच झाली. नंतर दोन वर्षं फलटणमध्ये सगळ्यांना तसलीच मेंदी हवी होती!"

प्राजक्तानं त्या दिवशी तिचं पहिलं चित्र पूर्ण केलं. मांजर होतं. पुष्कळ फुलं होती.

*

विकासच्या लॅपटॉपवर एक फोल्डर होता. त्यात फेटे, टोप्या, कोट आणि हार. गेलेल्या माणसाचा धड फोटो नसला की घरचे जो असेल तो घेऊन येतात. कधी रेशन कार्डावरचा, कधी बैलपोळ्याला बैलाबरोबर काढलेला. सांगतात, आबांना जरा कोट घाला. विकास मानेवरचं तेवढं घेतो आणि कोटात बसवतो.

एका गावात एकाच महिन्यात दोन म्हातारे गेले. चुलत भाऊ, पण बांधावरून उभा जन्म अबोला. दोन्ही घरचे आपापले फोटो घेऊन विकासकडे आले, दोघांनी कोट सांगितला. त्याच्याकडे तेव्हा कोट एकच होता, निळा, खिशाला पेन असलेला. दोन्ही बोर्ड चौकात शेजारी शेजारी लागले. कोट तोच, टाय तोच, पेनसुद्धा तेच.

"जित्तं हुतं तवा एका पंगतीला बसलं न्हाईत," विकास म्हणाला, "आन् आता एका कोटात हायत!"

सगळा क्लास हसला, मीही हसलो. हसू ओसरल्यावर तो माझ्याकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, राग मानू नका. माझ्याकडं हसनारी तोंडं पन हायत. काकूंचा हात काढतो, एक चांगलंसं बसवतो. मामी खूश हुतील. कुनाला कळनार न्हाई."

त्यानं मनापासून विचारलं होतं. मी नको म्हणालो. तोंड मीच काढीन म्हणालो. त्यानं मान हलवली आणि फोल्डर बंद केला.

*

मॅडमनी मला लेयर शिकवले. एकावर एक ठेवलेल्या काचा समजा, म्हणाल्या. सगळ्यात खाली फोटो. त्यावरच्या काचेवर चेहरा गिरवायचा. हात वेगळ्या काचेवर. प्रत्येक लेयरसमोर एक छोटा डोळा असतो. तो मिटला की ती काच दिसेनाशी होते.

चेहरा जमला. कपाळ, भुवया, हसताना बारीक होणारे डोळे. हातही जमला, बांगड्यांसकट. मग मी हाताचा डोळा मिटला. नाकाच्या खाली कोरी जागा होती.

मी टॅबचं पेन धरून बसून राहिलो. मॅडम मागे येऊन थांबल्या.

"आठवत नाहीये का, सर?"

मी म्हणालो, "आठवायला मी ते पाहिलेलंच नाही."

बोलताना, रागावताना, झोपेत, सगळं पाहिलं होतं. हसताना मात्र तिथं हात असायचा.  मॅडमनी जाऊन पंखा थोडा कमी केला. मग आधार कार्डावरचे ओठ घेऊ, मुलीच्या हसण्याकडे बघू, प्रमाण कसं मोजायचं ते सांगते, म्हणाल्या. तीन रविवार गेले. शेवटी तोंड झालं. हसरं, नीटस. प्राजक्ता म्हणाली, काका, छान आल्यात काकू. विकास म्हणाला, मामींनी हो म्हनलं की फाइल लगेच पाठवा, कार्ड छापून घरी आनून देतो. वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं.

*

टॅब पिशवीत घालून मी म्हसवडला गेलो. मामी सोप्यात मटकी निवडत होत्या. मंगल गेल्यापासून त्या मोजकंच बोलायच्या, तरी आधी पाणी झालं, चहा झाला, मुलीची चौकशी झाली. मग मी टॅब त्यांच्या पुढ्यात धरला. हाताचा लेयर बंद होता.

मामींनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. टॅब लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला.

"झ्याक काडलंय," त्या म्हणाल्या. "कुनाची हाय?"

 त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं.

"कपाळ आमच्या मंगलसारकं हाय. भन असावी तिची, तशी दिसतीया."

मी टॅब हातात घेतला. हाताच्या लेयरसमोरचा डोळा उघडला आणि परत त्यांच्यापुढे धरला.

मामी बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या.

"ही बगा, ही आली," म्हणाल्या. "ही आमची."

म्हणताना त्यांचा हात तोंडावर होता.